डबींतील मोगली

वाङ्मयपरीक्षणाच्या या पृष्ठांवर एका खेळण्याचें परीक्षण आलेलें पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर बोलपट, येथपर्यंत टीकाकाराची हद्द. त्यापलीकडे हातांत मावणाऱ्या विजेच्या डबीवर मुलें जें कांहीं करीत बसतात त्याचा विचार पालकांनीं व नेत्रवैद्यांनीं करावा, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या दिवाळीपर्यंत तो आमचाही होता. दिवाळीच्या सुटींत आम्ही राजूर येथें आठ दिवस राहिलों. तेथें या डबीचा व आमचा जो सहवास घडला, त्यानें तो समज बराच ढिला झाला.

राजूर हें अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील बाजाराचें गांव. अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. पश्चिमेस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे डोंगर, आणि भोंवतीं महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्या. आमचे एक जुने विद्यार्थी तेथें शिक्षक आहेत. त्यांचेकडे आमचा मुक्काम होता. त्यांची दहा वर्षांची कन्या आम्हांस 'सरआजोबा' म्हणते. दिवाळीच्या झाडलोटींत तिला माळ्यावरच्या पेटींत एक जुनी करड्या रंगाची डबी सांपडली होती. तिच्या चुलत्यानें तीसएक वर्षांपूर्वीं आखातांतून आणलेला तो 'गेम बॉय'. नवे सेल घालतांच तो चालूं झाला, आणि घरांतील फराळाकडे तिचें लक्ष उरलें नाहीं.

हें खेळणें निंटेंडो या जपानी कंपनीनें १९८९ सालीं प्रथम विक्रीस आणलें. त्या कंपनींतील गुन्पेई योकोई नांवाच्या कल्पक गृहस्थांकडे त्याचें बरेंच श्रेय जातें. नवें व महाग यंत्र शोधीत न बसतां, जुनें होऊन स्वस्त झालेलें तंत्र अनपेक्षित कामीं लावावें, असें त्यांचें सूत्र असे. त्यामुळें या डबीच्या पडद्यास रंग नाहींत. शेवाळी भूमीवर चार छटा, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, एवढाच सारा प्रपंच. चार पेन्सिल सेलांवर ती चालते. पडद्यास स्वतःचा उजेड नसल्यानें आंतल्या खोलींत बसून खेळतां येत नाहीं. ओटीवर येऊन, उजेड पडद्यावर पडेल अशा बेतानें डबी धरून बसावें लागतें. वीज गेली काय आणि राहिली काय, डबीस त्याचें सोयरसुतक नाहीं. सूर्य मावळला म्हणजे मात्र खेळ आपोआप संपतो. ही सोय आजच्या कोणत्याही भ्रमणध्वनींत नाहीं, हें पालकांच्या माहितीकरितां जातां जातां नमूद करून ठेवतों.

डबींत जी कॅसेट बसविली होती (मुलें तिला कॅसेटच म्हणतात) ती 'द जंगल बुक' या खेळाची. व्हर्जिन या इंग्रजी कंपनीनें हा खेळ १९९४ सालीं काढला. खेळास आधार डिस्नेच्या १९६७ सालच्या चित्रपटाचा, आणि चित्रपटास आधार रुड्यार्ड किपलिंग याच्या १८९४ व १८९५ सालच्या दोन पुस्तकांचा. म्हणजे मूळ कथेची ही तिसरी पिढी. आमच्याकडील तरुण आईबापांच्या मनांत मोगलीची जी मूर्ति आहे ती या तीहींपैकीं कोणाचीच नसून, १९९३ सालीं दूरदर्शननें दाखविलेल्या जपानी चित्रमालिकेची आहे. तींतील शेरखानास नाना पाटेकरांनीं आवाज दिला होता. आमचे शिक्षक मित्र अजून शेरखान म्हटला कीं त्याच आवाजांत बोलूं लागतात.

चित्रपटांवरून केलेल्या खेळांचें कुळ फारसें नांवाजलेलें नाहीं. 'ई. टी.' हा मुलांचा लाडका चित्रपट १९८२ च्या जूनमध्यें आला, आणि नाताळच्या बाजारास गांठावयाचें म्हणून त्यावरील खेळ एकाच कारागिरास सुमारें पांच आठवड्यांत पुरा करावा लागला. तो हातांतल्या डबीवरचा नव्हे, दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचा होता. न खपलेल्या कॅसेटी १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरण्यांत आल्या, आणि २०१४ सालीं लोकांनीं त्या उकरून काढल्या. पुरलेलें वाङ्मय उकरण्याचें भाग्य आमच्याकडे फक्त ताम्रपटांस लाभतें. त्या मानानें 'जंगल बुक'चा खेळ घाईचा नाहीं. चित्रपटानंतर सत्तावीस वर्षांनीं तो आला. मोगलीची धांव, वेलीवरील झोंका, काठावर तोल सांवरणें, हें सर्व त्या चार छटांतही डौलदार उतरलें आहे. कारागिरीविषयीं आमची तक्रार नाहीं.

तक्रार कशाविषयीं, हें सांगण्यापूर्वीं अशा वस्तूचें परीक्षण कोणत्या मापानें करावें तें ठरविलें पाहिजे. सामान्यतः लोक चित्रें पाहतात: मोगली ओळखूं येतो कीं नाहीं, वाघ वाघासारखा दिसतो कीं नाहीं. आमच्या मतें हें माप चुकीचें आहे. बुद्धिबळाच्या पटावर उंट आहे. पण बुद्धिबळ खेळून उंटाविषयीं कोणास कांहीं कळलें आहे काय? तो तिरका चालतो, एवढेंच कळतें. खेळ जें कांहीं म्हणतो तें त्याच्या नियमांतून म्हणतो. ज्या मोक्षपटाचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे नेते, त्यांत सद्गुणाची शिडी चढविते आणि दुर्गुणाचा साप गिळतो. चित्रें पुसून टाकलीं तरी चढणें व घसरणें शिल्लक राहतें, आणि उपदेश त्यांतच आहे. राजुराच्या ओट्यांवर काय किंवा देशावरच्या कोणत्याही देवळाच्या फरशीवर काय, वाघबकरीचा डाव मांडलेला दिसतो. त्यांत बकऱ्यांनीं वाघास कोंडावयाचें असतें आणि वाघानें बकऱ्या मारावयाच्या असतात. पण त्यांतली खरी मौज ही, कीं दोघां खेळणारांपैकीं एकास वाघ व्हावेंच लागतें. पुढच्या डावांत बाजू बदलतात. वाघाच्या डोक्यानें विचार केल्यावांचून तो डाव पुरा होत नाहीं.

आतां डबींतील नियम पाहूं. दोन बटनें आहेत: एकानें उडी, दुसऱ्यानें मारा. हत्यार केळ्यांचें. रानांत विखुरलेलीं रत्नें ठराविक संख्येनें, ठराविक वेळाच्या आंत, गोळा करून टप्प्याचें टोंक गांठावयाचें. मध्यें जें जें हलतें तें तें मोगलीच्या जिवावर उठलेलें: झाडावरचें माकड, वाटेवरचा साप, सर्व एका मापाचे. शेवटच्या टप्प्यांत शेरखान. हें रान, पण त्यांत रानाचें असें कांहीं नाहीं. हाच नियम तसाच उचलून मुंबईच्या लोकलच्या फलाटावर बसवावा, आणि माकडांच्या जागीं उतारू घालावे, खेळ यत्किंचितही बदलणार नाहीं. किपलिंगच्या पुस्तकाचा कणा म्हणजे रानाचा कायदा. केव्हां शिकार करावी, केव्हां करूं नये, परक्या रानांत शिरतांना काय म्हणून आवाज द्यावा, हें बल्लू अस्वल मोगलीस चापट्या मारून पाठ करविते. प्रत्येक प्राण्याच्या भाषेंत 'तुमचें आमचें रक्त एक' अशा अर्थाचे शब्द तो शिकतो, आणि त्या शब्दांनीं त्याचा जीव वांचतो. डबींत बोलण्याचें बटनच नाहीं.

किपलिंगचा आम्हांस विशेष पुळका आहे असें कोणी समजूं नये. त्याची साम्राज्यनिष्ठा आम्ही कॉलेजांत तीस वर्षें शिकवीत आलों आहों, आणि त्याच्या रानाच्या कायद्यांत गोऱ्या अंमलदाराची शिस्त डोकावते हेंही विद्यार्थ्यांच्या ध्यानीं आणून दिलें आहे. पुस्तकें त्यानें बहुतांशीं अमेरिकेंत व्हर्मांट येथें बसून लिहिलीं. तरी पण हा मनुष्य मुंबईंत, जे. जे. कलाशाळेच्या आवारांत १८६५ सालीं जन्मला. त्याच्या कथेंतील वैनगंगा ही आमच्या भंडारा-गडचिरोलीकडून वाहणारी वैनगंगाच होय. आणि कायदा कोणाचा का असेना, त्याच्या रानांत कायदा आहे. माकडांस तो नाहीं. त्यांना पुढारी नाहीं, स्मृति नाहीं, आज ठरविलेलें उद्यां आठवत नाहीं, म्हणूनच इतर प्राणी त्यांना जातीबाहेर ठेवतात. डिस्नेनें याच माकडांवर लुई नांवाचा राजा बसविला. तोही ओरांगउटान, जो हिंदुस्थानच्या कोणत्याच रानांत आढळत नाहीं. गाणें झकास झालें, हें कबूल केलें पाहिजे; पण ज्यांचें सारें दुर्दैव पुढारी नसण्यांत होतें त्यांनाच राजा मिळाला. 'का' नांवाच्या अजगराची गत याहून वाईट. पुस्तकांत तो वृद्ध, भयंकर, परंतु मोगलीचा मित्र. माकडांच्या तावडींतून मोगलीस सोडविण्यास बघीरा आणि बल्लू त्यालाच शरण जातात. चित्रपटांत तो मोगलीस गिळूं पाहणारा विदूषक झाला. खेळांत तेवढें विदूषकत्वही गेलें, आणि केळीं मारून वाट मोकळी करण्याचा एक अडथळा उरला. मित्र, विदूषक, अडथळा: तीन पिढ्यांत एका अजगराचा असा ऱ्हास झाला.

कोणी म्हणेल, खेळाकडून साहित्याची अपेक्षाच कां? अपेक्षा करण्यास कारण आहे, आणि तें आम्हांस त्या मुलीनेंच दिलें. पहिल्या दिवशीं मोगली खड्ड्यांत पडला, तेव्हां ती उद्गारली, "मेलें मी!" मोगली मेला, असें ती म्हणाली नाहीं. आम्ही जन्मभर मुलांना गोष्टी वाचून दाखविल्या. रामायण ऐकतांना जटायु पडल्यावर रडलेलीं मुलें आम्ही पाहिलीं आहेत, पण "मी पडलों" म्हणणारें मूल पाहिलें नाहीं. न. चिं. केळकरांनीं वाङ्मयीन आनंदाची उपपत्ति लावतांना 'सविकल्प समाधि'ची कल्पना मांडली: रसिक स्वतःची भूमिका न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेंत आनंद आहे. केळकरांच्या डोळ्यांसमोर वाचक व प्रेक्षक होते. पण ओटीवर बसलेली ही मुलगी, आंगठा बटनावर, तोंडांत चकलीचा तुकडा, आणि त्याच वेळीं वेलीला लोंबकळणारी, हिच्याइतकें त्या सिद्धांताचें ठसठशीत उदाहरण आम्हांस दुसरें सांपडलेलें नाहीं. वाचकास पात्राविषयीं वाटतें. खेळणारास पात्र होऊन करावें लागतें. म्हणून पात्रास काय करूं दिलें आहे, हा प्रश्न येथें कादंबरीपेक्षां अधिक टोंचतो. उडी आणि मारा, एवढेंच करूं दिलें असेल तर ती मुलगी तेवढीच मोगली होते.

आणि नेमका हिच्या कामाचा मोगली वाटेंत गळून पडला आहे. किपलिंगच्या पुस्तकांत मोगली माणसांच्या गांवांत येतो तेव्हां त्याला काम मिळतें गुराख्याचें. गांवच्या म्हशी तो रानांत चारावयास नेतो. शेरखान त्याच्या पाळतीवर घळईंत दबा धरून बसला आहे असें कळतांच तो कळपाचे दोन भाग करतो. रेडे वरच्या तोंडाकडून, म्हशी व पारडीं खालच्या तोंडाकडून, आणि मधल्या अरुंद घळईंत तो लंगडा वाघ त्यांच्या खुरांखालीं चिरडून मरतो. मोगलीच्या हातीं हत्यार असें कांहीं नाहीं. आहे तें गुरांचें ज्ञान. रेडा केव्हां उधळतो, म्हैस वासराला सोडून कां पळत नाहीं, भरल्या पोटीं वाघ चढण कां चढत नाहीं, हें ज्याला ठाऊक त्याचा तो विजय. चित्रपटांत हा प्रसंग नाहीं. तेथें वाघाच्या शेपटीस जळती फांदी बांधतात, तो पळतो, आणि पाण्याला आलेली एक पोरगी पाहून मोगली गांवांत शिरतो. कथा जेथें खरोखर सुरूं व्हावयाची तेथें पडदा पडतो. खेळानें चित्रपटाचें बोट धरलें, म्हणून खेळांतही गुराखी नाहीं, म्हशी नाहींत. राजूर हें डांगी जनावरांच्या प्रदर्शनाचें गांव. डोंगरांतल्या धुवांधार पावसांत टिकणारी ती तेलकट कातडीची जात येथलीं पोरें ओळखून असतात. आमच्या मित्रांच्या वर्गांतील निम्मीं मुलें सुटीच्या दिवशीं गुरांमागें जातात. त्यांना जो भाग वाचतांच कळला असता तोच त्यांच्यापर्यंत पोंचूं नये, हा या तिसऱ्या पिढीचा आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठा दोष आहे.

आमच्या मुक्कामांतच वाघबारस आली. आश्विन वद्य द्वादशीस इतरत्र वसुबारस म्हणून सवत्स धेनूची पूजा होते. या डोंगरपट्ट्यांत त्याच दिवशीं वाघोबास नैवेद्य दाखवितात. मित्रांसमवेत आम्ही जवळच्या एका वाडीवर गेलों. शिवेवर शेंदूर लावलेला दगड, त्यावर वाघाची ओबडधोबड आकृति. गुराख्यांनीं घरोघरचे तांदूळ गोळा करून खीर शिजविली होती. पूजा झाल्यावर एका पोरास वाघ केलें. अंगावर पट्टे ओढलेला तो वाघ झुडपांतून डरकाळ्या फोडीत आला. बाकीच्या पोरांनीं त्याला घेरलें आणि आमच्या शिवेला येशील का म्हणून दरडावून विचारलें. त्यानें नाहीं येणार असें कबूल करीपर्यंत त्याला पळविलें, आणि मग तोच वाघ पंगतींत बसून सर्वांच्या आधीं खीर मागूं लागला. आम्ही पाहत होतों, आणि मनांत डबींतला शेरखान येत होता. येथेंही पळापळ आहे, मारामारीचा आव आहे, हार-जीत आहे. पण वाघाशीं बोलणें आहे, करार आहे, आणि वाघ हा आपल्यांतलाच एक पोरगा आहे. नियमांच्या मापानें पाहिलें तर हा खेळ डबींतल्या खेळापेक्षां पुष्कळ वरच्या प्रतीचा ठरेल, आणि किपलिंगलाही तो अधिक जवळचा आहे.

यांत कोणी रानटी भाबडेपणाचें कौतुक पाहूं नये. या भागांत आतां वाघ नाहीं. बिबटा आहे, आणि त्यालाही लोक वाघच म्हणतात. ज्याच्या गोठ्यांतून वासरूं गेलें त्याला आमचें हें विवेचन ऐकवण्याची आमची छाती नाहीं. तथापि याच अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय यांनीं केलेल्या अभ्यासानें असें दिसून आलें आहे कीं बिबटे मनुष्यवस्तीस लागून, पिकांच्या आडोशानें, राहत असतात. पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें २००९ सालीं विहिरींत पडलेला एक वयस्क बिबटा त्यांनीं गळ्यांत पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडविला. तो डोंगर, शेतें, रस्ते तुडवीत मुंबईपर्यंत चालत गेला. 'आजोबा' या नांवानें तो प्रसिद्ध झाला, आणि सुजय डहाके यांनीं २०१४ सालीं त्यावर मराठी चित्रपट काढला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची ती वाट, दिवसा लपणें व रात्रीं चालणें, हें सर्व एखाद्या डबींत कोणी कां आणूं नये? माणसाच्या नजरेस न पडतां मुंबई गांठणें, हा नियम. आणि खेळणारानें बिबटा व्हावें. वाघबकरींत जें जमतें तें येथें न जमण्यास आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

वाघबारशीच्या दुसऱ्या दिवशीं डबीकडे पाहतांना आम्हांस एक गोष्ट दिसून आली, जी आधीं आमच्या लक्षांत आली नव्हती. मुलगी केळीं फेंकीत नव्हती. माकड आलें कीं ती थांबे, त्याची येरझार मोजी, आणि अचूक क्षणीं उडी मारून पलीकडे जाई. सापावरून ती अलगद जाई. जेथें वाटच अडविलेली असे तेथें नाइलाजानें मारी. असें कां, म्हणून विचारतां, "असं अवघड पडतं," एवढेंच तिनें उत्तर दिलें. तिच्या मनांत वाघोबा होता असें लिहिण्याचा मोह आम्हांस होतो. पण तसा पुरावा नाहीं. खेळानें तिला या संयमाचे गुण दिले नाहींत. त्याच्या खात्यांत रत्नें आणि मारलेले जीव यांचीच नोंद. तिनें स्वतःचा नियम त्याच्या नियमावर बसविला होता, आणि तो त्याहून कठीण होता. कारागिरांनीं उड्यांचें गणित इतकें चोख बसविलें आहे म्हणूनच हें शक्य झालें, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे. ढिल्या खेळांत तें साधलें नसतें.

आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं ती शेरखानापाशीं पोंचली. मोगलीला तिनें कडेला उभा केला आणि पाहत राहिली. वाघानें झडप घातली. "मेलें मी." पुन्हां तेथूनच आरंभ, पुन्हां तसेंच उभें राहणें. या वेळीं ती दोनदां चुकवून गेली, मग सांपडली. तिसऱ्या खेपेस बराच वेळ टिकली. वाघ येई, ती त्याच्या डोक्यावरून जाई, तो परत फिरे. हें किती वेळ चालूं शकतें याचा आम्ही श्वास रोधून हिशेब करीत होतों, आणि आंतून फराळाचें ताट घेऊन आलेली तिची आईही ओटीच्या खांबाशीं थबकली होती. अखेर तीही खेप संपली. तिनें डबी आमच्या हातीं दिली. "सरआजोबा, तुम्ही मारा." आम्ही चष्मा सारखा केला आणि दोन्ही आंगठे बटनांवर ठेवले. पण एव्हांना ऊन पश्चिमेच्या डोंगराआड गेलें होतें, आणि त्या हिरवट पडद्यावर मोगली कोठें व वाघ कोठें, हें आम्हांस कांहींच दिसेना.